बोरिवली वगळून

आमचे साहेब स्वतः लिहिलेल्या जाहिरातींना घाबरायचे. कौतुक म्हणून सांगत नाही. कामाचा खोळंबा व्हायचा म्हणून सांगते. अंधेरीला, चकाल्यात आमचं ऑफिस. हायवेवर त्यांनी लिहिलेलं एखादं होर्डिंग लागलं की ते उतरेपर्यंत साहेब हायवेने येत नसत. रिक्षावाल्याला मरोळच्या आतल्या गल्ल्यांतून फिरवत आणायचे. क्लायंट कॉन्फरन्स रूममध्ये बिस्किटं संपवत बसलेला आणि आमचे कॉपी हेड, म्हणजे हेच साहेब, कुठल्या तरी टेम्पोमागे अडकलेले.

"काय होतं बघितलं तर?" मी एकदा डबा खाताना विचारलं.

"खाली कोणी तरी उभं असतं," ते म्हणाले.

"बसची वाट बघत असेल."

"वाचत असतं गं. मान वर करून. आणि त्याला खरं वाटत असलं तर?"

जाहिरातीच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाने हा प्रश्न विचारायचा नसतो. खरं वाटावं म्हणूनच आपल्याला पगार मिळतो, असं मी त्यांना सांगितलं. "तेच ना," ते म्हणाले, आणि अर्धा डबा तसाच ठेवून उठले.

मी त्या एजन्सीत मीडियाचं काम बघायची. साहेबांनी जाहिरात लिहायची. ती कुठे, कधी आणि कोणाच्या मोबाईलवर दिसेल ते मी ठरवायचं, अशी वाटणी. त्यामुळे ते सारखे माझ्या टेबलाशी यायचे. उंच, किंचित वाकलेले, पूर्ण बाह्यांच्या शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली आणि खांद्याला पिशवी. ती पिशवी ऑफिसातही खांद्यालाच असायची. कोणत्याही क्षणी निघावं लागेल अशा तयारीत त्यांनी तिथे अख्खी नोकरी काढली. संध्याकाळी निघाले की लिफ्टपर्यंत जाऊन परत यायचे, एसी बंद केला का बघायला. आम्ही सगळे आत काम करत असायचो आणि एसी चालू असायचा. "अहो, आम्ही आहोत अजून," म्हटलं की "हो, पण तुम्ही गेल्यावर," असं म्हणून स्विचकडे एकदा बघून जायचे.

आता ते तिथे नाहीत. मीही नाही. ते ठणठणीत आहेत आणि काळजीत आहेत.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. जाहिरात लिहिण्याआधी कल्पनेतलं एक गिऱ्हाईक तयार करायचं. त्याला पर्सोना म्हणतात. त्याला नाव द्यायचं, वय द्यायचं, आवडीनिवडी द्यायच्या आणि इंटरनेटवरून एक हसरा फोटो चिकटवायचा. 'रोहन, सव्वीस, मुंबई. ट्रेकिंग आवडतं, कॉफी आवडते, आयुष्यात काही तरी मोठं करायचंय.' ऑफिसातली पोरं असे रोहन चहा पिता पिता तयार करायची. साहेबांपुढे तो कागद आला की ते फोटोकडे बराच वेळ बघत राहायचे.

"हा जेवतो कुठे?"

"म्हणजे, सर?"

"दुपारी. डबा नेतो की बाहेर खातो?"

"बाहेर खात असेल."

"असेल? आणि आपण बोलायचं कोणाशी? ह्या 'असेल'शी?"

मग ते खरा माणूस घ्यायचे. ओळखीतला, नात्यातला, शेजारचा. लाखो लोकांशी बोलायला गेलं की कोणीच ऐकत नाही, एकाला हाक मारली की दहा जण वळून बघतात, असं त्यांचं म्हणणं. कुकरच्या जाहिरातीसाठी त्यांनी कुर्ल्याची त्यांची मावशी घेतली होती. ती इतकी वर्षं स्वयंपाक करूनही शिट्टीला दचकायची आणि हे कोणाला सांगायची नाही. जाहिरात इतकी लागू पडली की कंपनीने ती इतर भाषांतही काढली. आणि जाहिरात लागली तेव्हापासून साहेब दर आठवड्याला त्या कंपनीच्या तक्रार विभागाला फोन करायला लागले, आपल्या जाहिरातीमुळे कुकर घेऊन कोणाचं वाईट झालं का ते विचारायला. पुढे पुढे तिथली मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली. "काका, आजपण कोणी भाजलेलं नाही," म्हणायची आणि फोन ठेवायची.

गादीच्या जाहिरातीसाठी त्यांनी कोणाला घेतलं होतं ते मला मजकूर वाचताना कळलं. 'कंबर दुखते, पण ती सांगत नाही. सांगितलं तर कोणी तरी रजा घे म्हणेल.' मी कागद घेऊन तडक त्यांच्याकडे गेले.

"हे माझ्यावरून लिहिलंय."

"नाव कुठे आहे तुझं?"

"नावाची गरज काय? सगळं ऑफिस ओळखेल."

"नाही ओळखणार," ते म्हणाले. "वाचेल तिला वाटेल आपल्यावरूनच लिहिलंय. मला भीती आहे ती त्याचीच."

मला जे बोलायचं होतं ते मी बोलून घेतलं. गादी मात्र घेतली. चांगली आहे.

हे सगळं सांगायचं कारण तो प्रोसेसर. कंपनी परदेशातली, तिचं इथलं ऑफिस बंगळुरूला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं काम जिच्यावर चालतं ती चिप, आणि आम्हाला दिलेली ही त्यांच्या सगळ्या चिप्समधली सगळ्यात वरची. अशा चिप्सच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आधी अंधार, मग निळी वीज, मग एखादा ड्रॅगन नाही तर लोखंडी राक्षस, आणि शेवटी हेडफोन लावलेला एक पोरगा खुर्चीत मागे रेलून जग जिंकल्यासारखा बघतोय. ती चिप नक्की काय करते ते कोणी सांगत नाही. डबा मात्र दागिन्यांच्या पेटीसारखा, काचेची खिडकी असलेला.

माहिती द्यायला कंपनीने एक इंजिनिअर आणि मार्केटिंगची एक बाई पाठवली होती. इंजिनिअरने वेगाचे तक्ते दाखवले. साहेब पुढच्या रांगेत, पिशवी मांडीवर. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला ही चिप लागते?"

"नाही, सर. ह्याच्या खालची पुरते. तिच्याही खालची पुरते. त्यांचं बहुतेक वेळा मेमरीपाशी अडतं."

"गेम खेळणाऱ्याला?"

"त्यालाही खरं तर नाही."

"मग ही घ्यायची कोणी?"

इंजिनिअर हसला. बाई हसल्या नाहीत. "ज्यांना खरंच लागते असे थोडे लोक आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्यांना जाहिरात लागत नाही. ते तक्ते वाचतात आणि घेतात. जाहिरात बाकीच्यांसाठी. लोक वरची बघतात आणि तिच्या खालची घेऊन जातात."

"आणि एखाद्याने वरचीच घेतली तर?"

"मग तर उत्तमच," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पिशवीचा पट्टा मुठीत धरला तो मीटिंग संपेपर्यंत सोडला नाही.

ह्या जाहिरातीसाठी त्यांनी आपला भाचा घेतला. त्यांची थोरली बहीण बोरिवली पश्चिमेला, गावठाणात राहते. तिचा नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा, तिशीच्या अलीकडचा. तो दहिसरच्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा आणि शनिवार-रविवार लग्नांचे व्हिडिओ करायचा, बरीचशी लग्नं मनोरीकडची. घरी येऊन एडिटिंग संपवलं की पूर्ण व्हिडिओ तयार व्हायला मशीनवर लावायचा. मशीन तासन्‌तास घरघरत बसायचं आणि हा घराबाहेरच्या पायरीवर. येणाजाणाऱ्याने विचारलं, "काय रे, इथे काय करतोस?" तर म्हणायचा, "मशीन स्लो आहे ना." पुढे पुढे कशालाही तेच उत्तर झालं. फिल्मचा कोर्स करणार होतास त्याचं काय? मशीन स्लो आहे. स्वतःचं काही बनवणार होतास ना? मशीन स्लो आहे. त्याची आई म्हणायची, "लग्नपण ह्याचं मशीननेच अडवलंय."

साहेबांची फिल्म म्हणजे एवढंच. वीज नाही, ड्रॅगन नाही. एक पोरगा पायरीवर बसलाय. समोरच्या गल्लीतून शाळेची मुलं जातात, मासळीवाली जाते, वरात जाते. हा बसलेलाच. घरातून मशीनची घरघर. मग पडद्यावर तीन शब्द: 'अजून किती बसणार?' आणि तो काचेच्या खिडकीचा डबा.

बंगळुरूच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर फिल्म दोनदा बघितली. मग म्हणाल्या, "माझा भाऊ असाच बसतो." फिल्म पास झाली. ऑफिसात टाळ्या पडल्या. साहेब तोंड धुवायला गेले.

सोमवारपासून ती फक्त मोबाईलवर चालू होणार होती. होर्डिंग नव्हतं, टीव्ही नव्हता. आधीच्या शुक्रवारी दुपारी साहेब माझ्या टेबलाशी उभे असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला. बहिणीचा आवाज खणखणीत, आणि साहेब फोन कानापासून लांब धरणारे. मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे, शाळा त्याला पर्मनंट करते! जूनपासून. फादर स्वतः बोलले."

"बरं झालं की."

"काय बरं झालं? हा म्हणतो मला नको. म्हणतो, एक चांगलं मशीन आलं ना की नोकरी सोडून धंदाच करतो. लग्नं काय बारा महिने असतात? आणि पर्मनंट झाला तर माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन शाळेच्या मेडिक्लेममध्ये होणार आहे. मला आता स्वयंपाकघरात उभं राहवत नाही रे. तू समजाव त्याला."

"मशीन घेतलं का त्याने?"

"नुसता बोलतो अजून. मनावर घेतलं तर वाट लागली आमची."

साहेबांनी फोन ठेवला. 

"त्याला वगळ," ते मला म्हणाले.

"कोणाला?"

"भाच्याला. त्याला ही फिल्म दिसता कामा नये."

"साहेब, आपण दाखवण्याचे पैसे घेतो."

"बाकीच्यांना दाखव ना. सगळ्या मुंबईला दाखव. त्याला नको."

"त्यापेक्षा सरळ त्याच्याशी बोला."

"काय बोलू? तुझ्यावरून लिहिलंय, तू असाच बसून असतोस आणि आता सगळे तुला बघणार आहेत, असं? आईसमोर सांगू?"

"तुम्हीच समजवा म्हणाल्या ना त्या."

"त्याने आत्तापर्यंत माझं काहीच ऐकलेलं नाही गं. पण ही फिल्म ऐकेल. मी ती त्याच्यासाठीच लिहिलीय."

एकाच माणसाला वगळता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. वय, आवडीनिवडी, तो काय शोधतो, कुठे फिरतो, सगळं धरून जाहिरात एखाद्याच्या अगदी दारात नेता येते. पण नेमका एकच जण सोडायचा तर नकाशावर त्याच्या भोवतालचा अख्खा भाग सोडावा लागतो. साहेब म्हणाले, मग भाग सोड. ते माझ्या टेबलापासून हलत नव्हते, आणि त्याच संध्याकाळी एका टूथपेस्टचा मजकूर द्यायचा होता, जो ते लिहायला बसत नव्हते. मी बोरिवली पश्चिम काढून टाकली.

"शाळा दहिसरला आहे," ते म्हणाले.

मी दहिसर काढलं.

"शनिवार-रविवार मनोरी."

"मनोरीला ही चिप कोण घेणार, बोंबील?"

"तो जातो ना तिकडे."

मनोरीही काढली. टूथपेस्टचा मजकूर संध्याकाळच्या आत मिळाला आणि झकास मिळाला.

फिल्म जोरात चालली. लोक ती एकमेकांना पाठवायला लागले, 'अजून किती बसणार' म्हणून एकमेकांना चिडवायला लागले. दुकानांतून खालच्या चिप्स भराभर जात होत्या, अगदी बाईंनी सांगितलं होतं तसं. साहेब मात्र रोज सकाळी पिशवीसकट माझ्या स्क्रीनसमोर येऊन उभे. फिल्म जिथे दिसते तिथे माझ्या नकाशावर केशरी रंग असायचा. वगळलेला भाग पांढरा. "पांढरं आहे ना?" ते विचारायचे. मी "आहे" म्हटलं तरी वाकून स्वतः बघायचे. मधेच भाच्याला फोन करून, "मोबाईलवर काय बघतोस हल्ली?" असं विचारायचे. त्या पोराने एकदा साहेबांना फोन माझ्याकडे द्यायला लावला आणि काळजीने विचारलं, "मॅडम, मामा बरा आहे ना?"

एकदा तो मुलुंडला कुणाच्या तरी लग्नाला जाणार असल्याचं कळलं. साहेब म्हणाले, त्या संध्याकाळपुरतं मुलुंड बंद कर.

"नाही."

"दोन-तीन तास फक्त."

"साहेब, असं करत गेलो तर पाहुण्यांच्या यादीप्रमाणे जाहिरात चालवावी लागेल. त्याच्या मोबाईलची बॅटरी संपावी म्हणून प्रार्थना करा."

त्यांनी ती केली असावी. डोळे मिटून काही वेळ उभे होते.

मग व्हायचं तेच झालं. बंगळुरूच्या बाईंनी कॉलवर नकाशा उघडला. सगळी मुंबई केशरी आणि वर डाव्या बाजूला समुद्रालगत पांढरा ठिपका.

"हे काय आहे? बोरिवलीत नेटवर्क नाही का?"

साहेबांनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार हे मला दिसलं, आणि खरं सांगितलं असतं तर एजन्सीच्या हातून काम गेलं असतं. मी मधे पडले. "ते मुद्दाम सोडलंय. जिथे जाहिरात दाखवली नाही तिथे काय होतं ते बघितलं की जिथे दाखवली तिथला फरक नीट कळतो." ही खरीच पद्धत आहे. बोरिवलीवर ती आमच्या आधी कोणी वापरली नसेल, इतकंच. बाई एकदम खूश झाल्या. "छान. मग मोहीम संपेपर्यंत तसंच ठेवा."

त्या दिवशी साहेबांनी पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली. मी असं पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, "वाचला." मलाही तेव्हा तसंच वाटलं.

मोहीम संपत आली होती तेव्हा बहिणीचा पुन्हा फोन आला. भाच्याने मशीन घेतलं होतं. "तेच सगळ्यात वरचं काय ते. कॅमेरा विकला एक, सोसायटीतून उचल काढली. तुझ्या त्या अंधेरीच्या ऑफिसात माणसं नाहीत का रे कोणी ह्याला अक्कल शिकवणारी?"

रविवारी सकाळी आम्ही दोघं बोरिवलीला गेलो. साहेब एकटे गेले असते तर दारातून परत आले असते म्हणून मी गेले. मेट्रोत ते माझ्याशेजारी बसून पुटपुटत होते.

"काय म्हणताय?"

"सराव करतोय. सरळ बोलायचं त्याच्याशी. जाहिरातीसारखं नाही. जे खरं आहे ते."

"येईल तुम्हाला?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "कधी केलेलं नाही."

गावठाणातलं बैठं घर, दारासमोर क्रूस, त्याच्यावर ताजी झेंडूची माळ. साहेबांच्या बहीणबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "ये रे. आणि ह्या कोण? ऑफिसातल्या? बसा, बाई. हा तिकडेपण असाच पिशवी घेऊन बसतो का?"

"असाच," मी म्हटलं.

"लहानपणी शाळेतून पळून यायचा. तेव्हापासून आहे ते." मग आवाज खाली आणून भावाला म्हणाल्या, "उद्या पर्मनंटच्या कागदावर सही करायला बोलावलंय त्याला. आज बोल." आणि टेबलाला, मग कपाटाला धरत चहा टाकायला आत गेल्या.

भाच्याने आम्हाला त्याच्या खोलीत नेलं. टेबलावर काळी पेटी, आत मंद उजेड, आवाज अजिबात नाही. शेजारी तो रिकामा डबा, काचेची खिडकी आमच्याकडे करून ठेवलेला.

"बघा हां," म्हणून त्याने एका लग्नाचा व्हिडिओ लावला. आम्ही खुर्च्या ओढून नीट बसेपर्यंत तो तयार झाला होता.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं."

"मग आता?"

"आता पुढचं लावायचं."

"आहे पुढचं?"

"येईल ना," तो म्हणाला. हसला, पण बघत होता दाराबाहेर, पायरीकडे. तिथे जाऊन बसायला आता काही कारण उरलं नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला. "ती जाहिरात बघून घेतलंस का रे?"

"कुठली? पायरीवाली?" तो एकदम ताठ झाला. "तीच तर मला आली नाही, मामा!"

"नाही आली ना?" साहेब आशेने म्हणाले.

"एकदापण नाही! आमच्या एडिटरांचा ग्रूप आहे. मुलुंडच्या पोराला आली, घाटकोपरच्याला आली, अंधेरीचा तर म्हणतो दिवसभर तीच येते. मला म्हणतात, बघितलीस का, डिट्टो तू आहेस. शेवटी एकाने पाठवली तेव्हा बघितली. तो पायरीवर बसलाय, आत मशीन घरघरतंय. अरे, माझीच गोष्ट! आणि मलाच येत नाही. मी मुद्दाम त्या चिपचं नाव शोधत बसायचो, म्हणजे तरी येईल. नाही. लोणच्याची येते. गुडघ्याच्या पट्ट्याची येते."

"ती माझ्यासाठी बघतोस म्हणून," आतून आई म्हणाली.

"तुझ्या धंद्यातलं तुला माहीत असेल, मामा. ह्या लोकांना सगळं कळतं ना? कोण कुठे राहतो, काय काम करतो, काय घेऊ शकतो. त्यांनी माझं सगळं बघितलं असणार आणि ठरवलं असणार, हा नाही. ह्याला दाखवून काय उपयोग. ज्याच्यासारखा पोरगा घेतला, त्यालाच नाही दाखवली!" त्याने डब्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. धूळ नव्हतीच. "म्हटलं, ठीक आहे. बघू कोण घेऊ शकत नाही ते."

मी साहेबांकडे बघितलं नाही.

"आणि नोकरी?" त्यांनी विचारलं. 

भाच्याचा जोर ओसरला. त्याने खिशातून मोबाईल काढला. "राजीनामा लिहून ठेवलाय. फादरना पाठवायचा फक्त. बोट जातं आणि परत येतं. दोन लग्नं आहेत हातात, त्यानंतर काही नाही. रोज वाटतं, आपण उगाच करतोय. कदाचित कंपनीचं बरोबर असेल. काल तर म्हटलं, पुसून टाकावं आणि उद्या जाऊन सही करावी."

मी सुटकेचा श्वास घेतला. आता फक्त साहेबांनी 'कर सही' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी पिशवी खाली जमिनीवर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे बघ, मी तुला सरळ सांगतो. ही चिप तुझ्यासाठी नाहीये."

भाच्याने मोबाईल टेबलावर ठेवला.

"मी माहिती काढलीय. तुझ्या कामाला ती लागत नाही. जुन्या मशीनला मेमरी वाढवली असतीस तरी भागलं असतं. ही वरची फार थोड्या लोकांसाठी असते. ते वेगळे लोक असतात रे. तू शाळेत बरा आहेस. सही कर, आईचे गुडघे होऊ देत. कोणी काही म्हणणार नाही तुला."

एकही शब्द खोटा नव्हता. त्या इंजिनिअरने ऐकलं असतं तर मान डोलावली असती. पण मी समोर बसून ऐकत होते, आणि 'ही तुझ्यासाठी नाहीये' हे मला काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दिसायला लागलं. इतकी नेमकी जाहिरात साहेबांनी आयुष्यात लिहिली नव्हती.

"साहेब, पुरे," मी म्हटलं.

भाचा चिडला नाही. त्याचा चेहरा उलट मोकळा झाला, बरेच दिवस अडलेलं काही तरी कोणी सोडवून दिल्यासारखा. त्याने मोबाईल उचलला, फादरना लिहिलेला राजीनामा उघडला. ह्या वेळी बोट परत आलं नाही.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं रे?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

 साहेबांचा हात अजून त्याच्या गुडघ्यावर तसाच होता. आत कपांचा आवाज झाला; चहा झाला होता आणि बहीणबाईंना तो उचलून आणता येणार नव्हता. मी उठले आणि आत गेले.